पुलावरची मोजणी

गुरुजींच्या मुलाने त्यांना अमेरिकेत बोलावून घेतलं आणि बिबवेवाडीतलं आमचं स्काउट पथक उघड्यावर पडलं. गुरुजी म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. वीस-बावीस वर्षं दर रविवारी सकाळी सात वाजता ते महापालिकेच्या शाळेचं फाटक स्वतः उघडायचे, मुलांना गाठी शिकवायचे, टेकडीवर न्यायचे आणि दहा वाजता फाटक लावून घरी जायचे. पालकांपैकी कोणी कधी विचारलंही नव्हतं की हे सगळं ते एकटे कसं करतात. जायच्या आधी त्यांनी आमची सभा घेतली. पाचवीच्या वर्गात, मुलांच्या बाकांवर आम्ही गुडघे दुमडून बसलो होतो.

"पुढे कोण बघणार?" गुरुजींनी विचारलं.

सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. मागून एक गृहस्थ म्हणाले, "अहो, एक रविवारच तर मिळतो झोपायला."

मी हात वर केला. समाजसेवेची मला फार हौस होती असं नाही. माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती आणि त्याच महिन्यात गुरुजींनी तिला सहा मुलांच्या एका तुकडीची प्रमुख केलं होतं. खांद्यावरची ती हिरवी फीत ती रोज रात्री उशीखाली ठेवून झोपायची. पथक बंद पडलं असतं तर तिच्याकडे बघवलं नसतं. शिवाय पंधरा वर्षं मी सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर काढली होती. आलेलं पत्र नोंदवायचं, गेलेलं पत्र नोंदवायचं. आपण ठरवलेलं काहीतरी घडावं, असंही मनात कुठेतरी असणार.

दुसरा हात वर केला तो अमरावतीकडच्या एका गृहस्थांनी. पुण्यात येऊन त्यांना दोनच वर्षं झाली होती. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, सकाळी कंपनीची बस न्यायला यायची, परत सोडायला कधी येईल याचा नेम नसायचा. त्यांचा मुलगा सहावीत होता. ते म्हणाले, "मी येऊन राहिलोच आहे दर रविवारी, तर करतो ना." 'येऊन राहिलो' ऐकून दोघीतिघी हसल्या. त्यांनी ते पाहिलं आणि तेही थोडं हसले.

तेव्हापासून मैदानावर ते 'सर' आणि मी 'ताई'. माझी मुलगीसुद्धा तिथे मला ताईच म्हणायची. तो नियम तिनेच केला होता.

पहिले सहा महिने फार चांगले गेले. मला माहीत नसलेलं त्यांना माहीत होतं आणि त्यांना न जमणारं मला जमायचं. त्यांना नकाशा, होकायंत्र, दोरीचा पूल. मला परवानगीची पत्रं, पालकांचे रुसवे, कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे ते. त्यांच्या कमरेला मोबाइल असायचा. तेव्हा आमच्या भागात तो मोजक्या लोकांकडे होता आणि पालकांना त्याचं कौतुक कमी, खुपणं जास्त. फोन वाजला की ते मुलांपासून दूर जाऊन, एका कानावर हात ठेवून इंग्रजीत बोलायचे, आणि परत येताना चेहरा उतरलेला असायचा. "तिकडे परदेशात काही बंद पडलं की मला शोधतात," ते म्हणायचे.

जानेवारीत आम्ही मुलांना शहराबाहेर मांजरी गावी न्यायचं ठरवलं. तिथे एका पालकांच्या ओळखीच्या शेतकऱ्याचं ऊस आणि पेरूचं रान होतं. शेजारच्या रानात इमारतींचे खांब उभे राहायला लागले होते, पण याने अजून जमीन विकली नव्हती. तीस मुलं, पाच तुकड्या, आम्ही दोघं आणि स्वयंपाकाला मुलांच्या दोन आया. स्वारगेटहून पीएमटीने गेलो. मुलांनी बसमध्ये इतका आरडाओरडा केला की कंडक्टर म्हणाला, "बाई, ही स्काउट आहेत होय? मला वाटलं वरात आहे."

मुख्य खेळ होता माग काढण्याचा. आदल्या दिवशी सर तिथे जाऊन दगडांचे बाण आणि काटक्यांच्या खुणा मांडून आले होते. बांधाबांधाने दोन किलोमीटरची फेरी, शेवटी पाटावरचा फरशीचा पूल. दर दहा मिनिटांनी एक तुकडी सोडायची. पुलावर सर उभे राहणार, सहाच्या सहा मुलं ओलांडून आली की वेळ लिहिणार. सहावं मूल आल्याशिवाय वेळ लिहायची नाही, हा नियम आम्ही दोघांनी मिळून केला होता. सगळ्यात कमी वेळात येणाऱ्या तुकडीला वर्षभर निशाण मिळणार होतं.

पहिली तुकडी आली आणि मी पाण्याची कळशी घेऊन पुलावर गेले, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"ताई, ऑफिसचा आहे. इथे आवाज तुटून राहिला. रस्त्यापर्यंत जाऊन येतो, पंधरा मिनिटं. तुम्ही थांबता ना इथे?"

"जा तुम्ही, मी आहे," मी म्हणाले आणि त्यांच्या हातातली वही-पेन्सिल घेतली.

दुसरी तुकडी आली. सहा मोजले, लिहिले. मग माझ्या मुलीची तुकडी धावत आली. तीच सगळ्यांत पुढे, लालबुंद झालेली. मी मोजलं. पाच.

"सहावी कुठे?"

"येतेय मागनं. तिच्या बुटात काटा गेला म्हणून शेवग्याच्या झाडाखाली बसलीये. काढते आणि येते म्हणाली."

ही सहावी म्हणजे पथकातली सगळ्यात लहान मुलगी, नऊ वर्षांची. तिला माझ्याच मुलीच्या तुकडीत मी घातलं होतं, लहान आहे, नीट सांभाळली जाईल म्हणून.

"मग ती आल्यावर लिहिते."

"दोन मिनिटांत येईल ती! आपण पहिले आहोत. लिही ना, आई!"

मैदानावर ती मला कधी आई म्हणाली नव्हती. मी घड्याळात पाहिलं. खरंच सगळ्यांत कमी वेळ झाला होता. मी वेळ लिहिली आणि शेजारी सहाचा आकडा लिहिला. पंधरा वर्षं नोंदवह्या लिहिणारी बाई मी. न आलेलं पत्र आलं म्हणून मी कधी लिहिलं नव्हतं.

मी वाट बघणारच होते. पण पाठोपाठ आलेल्या तुकडीतला एक मुलगा पुलावरून घसरून पाटात पडला. पाणी गुडघाभरच, पण तो भेदरला आणि सगळे किंचाळायला लागले. मी साडीसकट पाण्यात उतरले, त्याला काढलं, कुडकुडत होता म्हणून पदरात गुंडाळलं. एवढ्यात शेवटची तुकडीही येऊन पोचली. त्यांना मोजलं आणि सगळ्यांना घेऊन पेरूच्या बागेकडे, जेवणाच्या जागी निघाले. शेवग्याचं झाड माझ्या डोक्यातून गेलं होतं. गेलं म्हणजे पूर्ण गेलं. आजही मला त्याचं नवल वाटतं.

थोड्या वेळाने सर धावतच आले. "झाले सगळे?"

"झाले."

मुलं पंगतीत बसली. सर खिचडी वाढत होते. शेवटच्या ओळीत पोचल्यावर ते थांबले, मागे वळले, आणि ओठ हलवत पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

"ताई, एक ताट उरलं आहे."

मी मुलीकडे पाहिलं. तिचा घास हातातच राहिला होता.

शेवग्याखाली एक बूट होता. काटा तसाच त्याच्या तळाला रुतलेला. मुलगी नव्हती. मागून आलेल्या तुकड्यांनाही ती तिथे दिसली नव्हती. चारी बाजूंना डोक्यापेक्षा उंच ऊस, आणि वीस पावलांवर एक विहीर. सर सरळ विहिरीकडे गेले. त्यांनी चपला काढल्या आणि विहिरीच्या पायऱ्या उतरून गेले. मी वर काठाशी उभी होते. पाणी हिरवं होतं आणि त्यावर काही हलत नव्हतं. त्यांनी एक लांब बांबू मागितला. तो बांबू पाण्यात जाताना मी बघितला नाही, तोंड फिरवलं.

शेतकरी आणि त्याची माणसं उसात शिरली. आया मुलांना कवटाळून बसल्या. माझी मुलगी बांधावरून त्या लहान मुलीच्या नावाने हाका मारत फिरत होती. तासाभराने तिचा आवाज बसला. मग ती नुसती शिट्टी वाजवत राहिली. मी तिच्याजवळ गेले तर म्हणाली, "मी तिला सांगितलं, तू इथेच बस. ती म्हणाली मला एकटीला भीती वाटते. तरी मी गेले."

अडीच तास झाले असतील. पाटाच्या पलीकडून ऊसतोडणीवाल्यांपैकी एक बाई आली. कडेवर एवढी मोठी मुलगी, एका पायात बूट.

"ही तुमची हाय का? आमच्या फडापाशी उसात रडत हुती. आधी ती कुनाची ते कळंना, मंग इचारत इचारत आले. भाकर खाल्लीय तिनं. पर डोळा चोळू देऊ नका."

उसाच्या पात्यांनी तिचे गाल आणि हात कापले होते. उजवा डोळा उघडत नव्हता. मी तिला घ्यायला हात पुढे केले तर ती त्या बाईच्या मानेला आणखी घट्ट चिकटली.

शेतकऱ्याच्या जीपमधून आम्ही तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. बुबुळावर ओरखडा होता. तीन आठवडे पट्टी. "नजर वाचेल," डॉक्टर म्हणाले, "पण डाग राहील की नाही ते आता नाही सांगता येत." तिचे आईवडील आले तेव्हा सर पुढे झाले आणि जे घडलं ते सांगितलं. पुलावर आपण होतो की नव्हतो, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही नाही.

पुढच्या रविवारी पालकांची सभा भरली. तोच पाचवीचा वर्ग. मुलं बाहेर व्हरांड्यात होती. त्या मुलीचे वडील पेठेतले दुकानदार, घर वाढलं म्हणून बिबवेवाडीत फ्लॅट घेऊन राहायला आलेले. आवाज चढवणारा माणूस नव्हता.

"पुलावर मोजणीला आपण होतात ना?" त्यांनी सरांना विचारलं. "आपला फोन आला होता म्हणे."

"हो, आला होता."

"महत्त्वाचाच असेल. नाही, सहापर्यंत मोजायला काही कॉम्प्युटर लागत नाही, म्हणून विचारलं."

कोणीतरी हसलं. मग एकेकाला कंठ फुटला. रविवारी मुलांबरोबर असताना फोन बाळगायचाच कशाला. बाहेरून येतात, त्यांना इथली काय माहिती. साता समुद्रापलीकडच्या लोकांची चाकरी करायची तर मुलांची जबाबदारी घेऊ नये. सर उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नोंदवहीत पुढची ओळ कोण लिहिणार असं विचारावं तसं.

मी उठले. मला वाटतं मी खरंच सांगायला उठले होते. पण दारात मुलीची वेणी दिसली. ती चौकटीला टेकून ऐकत होती. मी पुलावर होते असं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग पाच मुलं आली तेव्हा सहा कसे लिहिले? आणि मग तिचं नाव आलं असतं. त्या खोलीत, त्या आवाजात.

"पुलावर सरांची ड्यूटी ठरलेली होती," मी म्हणाले.

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

सरांनी मान हलवली. "हो. ड्यूटी माझीच होती. मी हे काम सोडतो, पुढे तुम्ही दुसरं कोणी बघा." ते बाहेर पडले. व्हरांड्यातून त्यांनी मुलाला हाक मारलेली मला ऐकू आली.

घरी येताना मुलगी स्कूटरवर माझ्या मागे बसली होती. एरवी ती कमरेला हात घालते, त्या दिवशी मागची दांडी धरली होती. जिन्यात म्हणाली, "पुलावर तू होतीस."

"तुझ्यासाठी गप्प बसले मी. तुला कळत नाही ते."

"मी सांगितलं नव्हतं तुला गप्प बसायला."

मी तिला दटावलं. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी मी कचेरीतून आले तर घरी नव्हती, सायकल नव्हती. तेवढ्यात फोन आला. त्या लहान मुलीची आई बोलत होती.

"तुमची मुलगी आमच्याकडे आलीये. येऊन घेऊन जा."

त्यांच्या घरी पोचायला मला दहा मिनिटं लागली. दार वडिलांनी उघडलं. आत सतरंजीवर दोघी मुली सापशिडी खेळत होत्या. लहानीच्या डोळ्यावर पट्टी होती, म्हणून माझी मुलगी तिला घरं मोजून दाखवत होती. मला पाहून तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"आपल्या मुलीने सगळं सांगितलं," ते म्हणाले. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. "तिने झाडाखाली सोडलं ते सांगितलं. पुलावर कोण होतं ते सांगितलं. सहा कोणी लिहिले तेही. आमच्या लेकीपुढे उभी राहून सांगितलं. बरं वाटलं. मुलांवर संस्कार चांगले आहेत आपले."

आत सतरंजीवर फासा खडखडला.

"आता एकच विचारतो. त्या गृहस्थांना मी जे बोललो, ते परत घ्यायला मला तर जावंच लागणार आहे. आपण आधी जाणार, की मी जाऊ?"

"मी जाते," मी म्हणाले.

मुलीला घरी सोडून मी तशीच सरांकडे गेले. त्यांच्या बायकोने चहा टाकला. सर बनियनवर शर्ट चढवत बाहेर आले. मी उभ्यानेच बोलायला सुरुवात केली, ते मधेच म्हणाले, "ताई, बसा. चुकी माझी नसली तरी माझी म्हणून लिहून द्यायची सवय आहे मला. ऑफिसात रोज तेच करून राहिलो. त्याचं मी काही धरून बसलो नाही."

"मग सभेत का नाही सांगितलंत?"

"मी सांगितलं असतं तर तो आरोप झाला असता. तुम्ही सांगितलं असतं तर ती गोष्ट झाली असती." त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. माझ्या मुलाने विचारलं, बाबा, तुम्ही तिला मोजलं नाही का? वर्गात पोरं त्याला चिडवून राहिली. मी म्हटलं, हो, नाही मोजलं. आता मी त्याला काय सांगू ते तुम्हीच सांगा."

मुलगा आतल्या खोलीत अभ्यास करत होता. मी त्याला बोलवायला सांगितलं. अकरा वर्षांच्या मुलापुढे बसून मी त्याला सांगितलं की त्याचे बाबा मला विचारून गेले होते, पुलावर मी होते, मी चुकीचं लिहिलं आणि नंतर सभेत गप्प बसले. तो ऐकत होता. मग बापाकडे वळून म्हणाला, "मग तुम्ही खोटं का बोलले?"  सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात झटकून तो आत निघून गेला.

रविवारी मैदानावर जेवढे पालक आले होते तेवढ्यांना मी सगळं सांगितलं. मुलीचं नाव घेतलं नाही, पण ते सगळ्यांना कळलं होतं. मला वाटलं होतं, लोक बोलतील, काढून टाकतील. मी तयारीने गेले होते. एक-दोघे मुलांना घेऊन निघून गेले. त्या मुलीच्या वडिलांनी सरांच्या घरी जाऊन माफी मागितली, एवढं मला नंतर कळलं. बाकीचे पालक तिथेच थांबले. मग एक बाई म्हणाल्या, "झालं ते झालं हो. पण पुढच्या रविवारी फाटक कोण उघडणार?"

कोणीच हात वर केला नाही. किल्ली माझ्याकडेच राहिली. शिक्षा झाली असती तर मला सोपं गेलं असतं.

सर परत आले नाहीत. तीन-चार महिन्यांनी कंपनीने त्यांना बंगलोरला पाठवलं. त्या लहान मुलीची पट्टी निघाली. डाग राहिला, बारीकसा, उजेडात बघितलं तरच दिसणारा. तिला चष्मा लागला. तो त्यामुळे लागला की लागायचाच होता, हे डॉक्टरांनाही ठरवता आलं नाही. ती पथकात आली नाही. माझी मुलगीही आली नाही. तिने गणवेश धुऊन, इस्त्री करून, घडी घालून माझ्या कपाटात ठेवला. फीत त्यावर ठेवली होती.

मी आणखी दोन वर्षं पथक चालवलं. मुलांना मैदानाबाहेर एकदाही नेलं नाही. दर अर्ध्या तासाने शिट्टी वाजवून त्यांना ओळीत उभं करायची आणि मोजायची. मुलं कंटाळायची. मोठी मुलं एकमेकांत हसायची, ते मला कळायचं. हळूहळू रविवारी सकाळी कॉम्प्युटरचे क्लास सुरू झाले, मग स्कॉलरशिपचे, आणि आई येऊन सांगायची, "ताई, आता त्याला जमणार नाही." मी कोणाला आग्रह केला नाही. शेवटच्या रविवारी चार मुलं आली. त्यांच्याकडून प्रार्थना म्हणवून घेतली, झेंडा उतरवला, दोऱ्या आणि काठ्या शाळेच्या शिपायाकडे दिल्या आणि मुलांना घरापर्यंत सोडून आले.

घरी मुलगी दहावीचा अभ्यास करत बसली होती. दोन वर्षांत तिने मैदानाबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

"किती आले होते?" तिने पुस्तकातून वर न बघता विचारलं.

"चार. बंद केलं आज."

तिने पान उलटलं. "बरं झालं," ती म्हणाली.

कुणासाठी बरं झालं, हे मी विचारलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला.